हदगावचे लोक पैनगंगा ओलांडून निर्वासित झाले, तेव्हा त्यांच्या परतीची लढाई एका संन्याशाने लढवली

हदगावहून उमरखेडला जायला आज फार वेळ लागत नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गावर पैनगंगेचा पूल लागतो, गाडी पुलावरून पुढे जाते आणि माणूस मराठवाड्यातून विदर्भात पोहोचतो. खिडकीतून बाहेर बघितलं नाही तर जिल्हा बदलला हेही कळत नाही.

पण १९४७-४८ साली हीच नदी दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडे हदगाव, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. पलीकडे उमरखेड, म्हणजे स्वतंत्र भारत. अलीकडे रझाकारांची दहशत होती आणि पलीकडे होत्या छावण्या. रात्रीच्या अंधारात बायका-पोरं, म्हातारी माणसं, जमलं तर बैलगाडी आणि नाही जमलं तर डोक्यावरचं गाठोडं घेऊन लोक नदी ओलांडत होते.

हे लोक निर्वासित होते का? की आपल्याच देशात आलेले आपलेच लोक होते? तेव्हाच्या कुठल्याच कायद्यात याचं सरळ उत्तर नव्हतं. या लोकांना आसरा मिळावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना भीती न बाळगता घरी परत जाता यावं, यासाठी ज्या माणसाने आपली संघटना कामाला लावली तो माणूस स्वतः मात्र त्या काळात बहुतेक वेळ तुरुंगात होता. त्याला ना घर होतं, ना संसार.

त्यांचं नाव स्वामी रामानंद तीर्थ.

नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. पण हा माणूस नेमका कोण होता?

व्यंकटेशचे स्वामी कसे झाले?

३ ऑक्टोबर १९०३. विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी इथे व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुणे असं फिरत फिरत झालं. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा व्यंकटेश शाळकरी वयात होते. त्याच सुमारास त्यांनी आयुष्यभर लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं. असहकाराची चळवळ आली तशी त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकले. तिथे त्यांनी अभ्यासासाठी जो विषय घेतला तो लोकशाहीच्या विकासाचा होता. पुढे ज्या राज्यात त्यांनी हयात घालवली, तिथे लोकशाहीचा पत्ताच नव्हता.

शिक्षणानंतर त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं. तिथे तब्येत ढासळली. मग १९२९ साली ते निजामाच्या राज्यात, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा इथल्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. तिथेच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरी शाळेच्या उभारणीत लागले.

भगवे कपडे घातले म्हणून त्यांनी जगाकडे पाठ फिरवली नाही. उलट राजकारणातला त्यांचा प्रवास खऱ्या अर्थाने संन्यासानंतरच सुरू झाला.

निजामाचं राज्य म्हणजे वेगळाच देश

स्वामीजींचं काम समजून घ्यायचं तर आधी हैदराबाद संस्थान समजून घ्यावं लागतं.

या संस्थानात १६ जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ५ जिल्हे म्हणजे मराठवाडा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. १९४१ च्या जनगणनेनुसार संस्थानची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कळदार. टपाल वेगळं, फौज वेगळी, रेल्वे वेगळी. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि तिथे मालावर जकात द्यावी लागायची.

म्हणजे हदगावचा माणूस बाजाराला उमरखेडला गेला तर त्याला नाका ओलांडावा लागे आणि पैसेही बदलून घ्यावे लागत.

यात आणखी एक गंमत होती. उमरखेड ज्या वऱ्हाडात येतं, तो वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच होता. १९०२ च्या करारानुसार इंग्रजांनी तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. निजामाच्या थोरल्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार अशी पदवी होती. पण प्रत्यक्ष कारभार नागपुरातून चालायचा. त्यामुळे पैनगंगेच्या एका काठाला सभा घेता यायची, निवडणुका व्हायच्या, वर्तमानपत्रं निघायची. दुसऱ्या काठाला सभेसाठीही परवानगी लागायची.

नागपूरने आधीही दार उघडलं होतं

१९३८ साली लातूरला महाराष्ट्र परिषदेचं अधिवेशन भरलं. स्वामीजी शाळा सोडून पूर्णवेळ या कामात आले होते. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. निजाम सरकारने ती स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. मग ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानल यांची होती. पाठोपाठ स्वामीजींनीही सत्याग्रह केला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् चळवळ पेटली. वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी झाली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. शेकडो पोरांचं शिक्षण एका फटक्यात थांबलं. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. कुलगुरू होते टी. जे. केदार. निजामाच्या राज्यातून बाहेर पडावं लागलेल्या या पिढीत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तरुण होता. तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला आणि आयुष्यभर स्वामीजींना गुरू मानत राहिला.

एका राज्यात ज्यांना शिकू दिलं जात नाही त्यांना शेजारच्या प्रांताने वर्गात बसवून घ्यायचं, हा प्रसंग छोटा वाटतो. पण दहा वर्षांनी त्याच प्रांतात जे मोठ्या प्रमाणावर घडलं, त्याची ही सुरुवात होती.

१५ ऑगस्ट इथे आलाच नाही

१९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ ची चळवळ, दोन्ही वेळा स्वामीजी तुरुंगात गेले. १९४६ च्या जुलैमध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि मवाळ गटाच्या बुर्गुल रामकृष्ण राव यांना थोडक्या मतांनी हरवून स्वामीजी अध्यक्ष झाले.

जून १९४७ मध्ये निजामाने आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही, असं जाहीर केलं. स्वामीजींनी ७ ऑगस्ट हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळायला लावला. १५ ऑगस्टला दिल्लीत स्वातंत्र्याचा जल्लोष चालू असताना इकडे हैदराबादमध्ये स्वामीजींनी तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. दुसऱ्या दिवशी स्वामीजी सुटले. बाहेर आल्यावर दिसलं की परिस्थिती आणखी बिघडली आहे. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकार संघटनेचा सर्वेसर्वा झाला होता आणि गावोगाव लूट, जाळपोळ, खून चालू होते. नांदेड जिल्ह्याने याचा अनुभव आधीच घेतला होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून झाला होता.

स्वामीजींना बाहेर जेमतेम आठ आठवडे मिळाले. २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पुन्हा पकडलं. त्यानंतर ते सुटले ते थेट १७ सप्टेंबरला.

अध्यक्ष तुरुंगात, मग छावण्या कोण चालवत होतं?

स्टेट काँग्रेसने कृती समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते दिगंबरराव बिंदू. हदगावच्या शेजारच्या भोकरमधलं महाविद्यालय आज त्यांच्या नावाने आहे. गोविंदभाई श्रॉफ, फुलचंद गांधी, अनंत भालेराव असे अनेक जण या काळात लढ्यात होते. संस्थानच्या चारही बाजूंनी, पण भारताच्या हद्दीत, छावण्या उभ्या राहिल्या. सोलापूर, मनमाड, उमरखेड, चांदा. चांद्याच्या छावणीत नरसिंह राव काम करत होते.

हदगाव, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यातल्या माणसांना सगळ्यात जवळचा होता पैनगंगेचा पलीकडचा काठ. तिथे भाषा तीच, सोयरीक तीच. अनेकांच्या लेकी वऱ्हाडात दिलेल्या, अनेकांच्या सुना तिकडून आलेल्या. सगळ्यांनाच पलीकडे जाता आलं नाही. हिमायतनगरचं महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते हुतात्मा जयवंतराव पाटील याच भागातले.

आता मुद्दा सरकारचा. भारत सरकारने निजामाशी करार केला होता. कराराच्या काळात सरहद्दीवर शांतता ठेवणं दोघांनाही बंधनकारक होतं. तरीही नागपूर आणि मुंबईच्या प्रांतिक सरकारांनी आलेल्या माणसांना पुन्हा नदीपार हाकललं नाही. पळून आलेल्या माणसाला ज्या भीतीतून तो आला तिकडे परत ढकलायचं नाही, हा आज जगभरच्या निर्वासित कायद्याचा पाया मानला जातो. १९४८ मध्ये तो कायदा जन्माला आला नव्हता. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा आला डिसेंबर १९४८ मध्ये. त्यातलं १४ वं कलम छळापासून दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क सांगतं. निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला १९५१ मध्ये. पैनगंगेच्या काठावर मात्र त्या तत्त्वाची परीक्षा त्याआधीच चालू होती.

छावणी की तळ?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

या छावण्यांमध्ये फक्त जीव वाचवायला आलेली माणसं नव्हती. तिथून कार्यकर्ते रात्री निजामाच्या हद्दीत शिरत, करोडगिरीचे नाके जाळत, पोलीस ठाण्यांवर हल्ले करत आणि परत येत. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली गेली. सुमारे २० लाख रुपये हाती लागले. हा पैसा लढ्यासाठी वापरला गेला आणि पुढे त्याचा हिशेबही दिला गेला, म्हणून मराठवाड्यात आजही उमरीचं नाव अभिमानाने घेतात.

पण दुसरी बाजूही आहे. आजच्या नियमांप्रमाणे निर्वासितांची छावणी ही निव्वळ नागरी असली पाहिजे, तिथे हत्यारं असता कामा नयेत. कारण छावणीतून लढाई सुरू झाली की समोरच्या बाजूला छावणीवर हल्ला करायला कारण मिळतं आणि त्यात मरतात बायका-पोरं. निजाम सरकार नेमकी हीच तक्रार करत होतं की भारताच्या हद्दीतून हल्ले होत आहेत. भारत सरकार म्हणत होतं की रझाकारच आमच्या गावांवर चालून येत आहेत.

स्वामीजी गांधीजींना मानणारे. पण गावात रझाकार शिरला तर शेतकऱ्याने हात जोडून उभं राहावं, असं त्यांनी सांगितलं नाही. स्टेट काँग्रेसने हा सशस्त्र प्रतिकार मान्य केला आणि अध्यक्ष म्हणून त्याची जबाबदारी स्वामीजींचीच होती. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड निर्णय म्हणता येईल.

नदी दोन्ही बाजूंनी ओलांडली जात होती

ही गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक वेळा राहून जातो.

फाळणीच्या काळात मध्य प्रांत, वऱ्हाड, मुंबई इलाखा इथून घाबरलेली मुस्लीम कुटुंबंही मोठ्या संख्येने निजामाच्या राज्यात आली होती. म्हणजे एकाच वेळी काही माणसं पैनगंगा ओलांडून उत्तरेला जात होती आणि काही दक्षिणेला येत होती. दोघांच्याही डोक्यावर गाठोडंच होतं.

ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं, आम्ही स्वतंत्र राष्ट्र आहोत. भारताचं म्हणणं, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला या विषयावर बैठक झाली. तोवर भारतीय फौजा हैदराबादच्या वाटेवर होत्या. १३ सप्टेंबरला सुरू झालेली कारवाई १७ ला संपली आणि निजामाने हार मानली. त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

छावण्यांमधले लोक घरी निघाले. ज्या परतीसाठी सगळा खटाटोप होता ती परत शक्य झाली होती.

पण त्याच आठवड्यांमध्ये अनेक गावांत मुसलमानांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्यासोबत काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांनी संस्थानात फिरून अहवाल दिला. कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत नांदेडचंही नाव होतं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि त्यानंतरचे हेही खरे होते. आसरा देण्याचं वचन फक्त आपल्या माणसांपुरतं ठेवलं तर ते किती तोकडं पडतं, हे १९४८ च्या मराठवाड्याने दोनदा दाखवलं. कासिम रझवीला शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. गावातल्या साध्या माणसांना मात्र जायला कुठलंच गाव नव्हतं.

सत्ता आली, स्वामीजी बाजूला राहिले

लढा जिंकल्यावर नेता मुख्यमंत्री होतो, असा आपला अनुभव. इथे तसं झालं नाही. आधी मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी कारभार आला, मग एम. के. वेल्लोडी आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. स्वामीजींनी मंत्रिपद घेतलं नाही. ते १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादमधून लोकसभेवर गेले.

जमीन कसणाऱ्याला तिचा हक्क मिळावा आणि हैदराबाद राज्याचं भाषेप्रमाणे विभाजन व्हावं, या दोन गोष्टी त्यांनी लावून धरल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात. त्या दिवसापासून हदगाव आणि उमरखेड एकाच राज्यात आहेत.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, पाठोपाठ हजारो तिबेटी आले. स्वामीजी तेव्हा खासदार होते. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नव्हती, आजही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तरी तिबेटींना राहू दिलं, जमिनी दिल्या, शाळा दिल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावलाही तिबेटींची वसाहत आहे. म्हणजे भारताचं वचन कागदावर नाही, ते त्या त्या वेळच्या सरकारच्या मनावर आहे. त्याचा फायदा असा की मन मोठं असलं की दार पटकन उघडतं. तोटा असा की मन बदललं की दाखवायला कागद नसतो.

शेवटचं वर्ष

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं भारतात आली. सरकारने छावण्या उघडल्या आणि देशभरच्या टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावून त्यांच्यासाठी पैसा उभा केला. सोबत एक भूमिकाही घेतली की ही माणसं इथे कायमची राहणार नाहीत, ती सुरक्षितपणे आपल्या घरी जातील आणि तशी परिस्थिती निर्माण करावी लागेल. १६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि परतीचा ओघ सुरू झाला.

आसरा द्यायचा, पण तिथेच थांबायचं नाही, घराची वाट मोकळी करून द्यायची. २३ वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठावर छोट्या प्रमाणात हेच घडलं होतं.

२२ जानेवारी १९७२ ला, त्या १ कोटी माणसांचा परतीचा प्रवास चालू असताना, स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादमध्ये गेले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे आणि तिथल्या स्मारकाच्या कामात नरसिंह राव पुढे होते. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला त्यांच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं. हदगावची पोरं आज तिथलीच पदवी घेतात.

पुढच्या वेळी हदगावहून उमरखेडला जाताना पैनगंगेचा पूल लागला, तर एकदा खिडकीतून खाली बघा. आपल्याच आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं याच पाण्यातून निर्वासित म्हणून पलीकडे गेली होती. आणि पलीकडे कुणीतरी त्यांना परत जा असं म्हटलं नव्हतं.